रोड टच भाऊ

कर्जत स्टेशनावर उतरून, दिवाडकरांचा वडा संपवून, बोटं पुसता पुसता जो माणूस बायकोला म्हणतो, ‘हवा बघ काय आहे!’ तो भाऊंना शंभर पावलांवरून ओळखू येतो. गावचा माणूस हवेबद्दल कधी बोलत नाही. भाऊ पुढे होतात. ‘जागा बघायला आलात का साहेब?’ साहेब खरं तर कोंढाण्याची लेणी बघायला आलेले असतात. संध्याकाळच्या लोकलमध्ये त्यांच्या खिशात एका गटाचा नकाशा असतो आणि लेणी राहून गेलेली असतात.

हे भाऊ कुणी एकटे नाहीत. नेरळ, कडाव, कशेळे, चौक, वावोशी, खोपोली, कुठल्याही नाक्यावर उभे राहा, एक तरी भेटतीलच. कारकीर्द मात्र सगळ्यांची एकाच वळणाची. सुरुवात मिनीडोरपासून. दहावीनंतर कर्जत ते कशेळे सीट भरायच्या, सुट्ट्यावरून भांडायचं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे 2002 साली पुरा झाला आणि मागच्या सीटवर गॉगलवाली माणसं दिसू लागली. ती विचारायची, ‘ही जागा कुणाची हो?’ भाऊ भाड्याच्या पैशातच उत्तर देऊन टाकायचे. पुढे त्यातली एक जागा विकली गेली आणि हेच उत्तर जरा उशिरा देणाऱ्या दुसऱ्या एकाला दोन टक्के मिळाले. त्या आठवड्यात भाऊंनी मिनीडोर मेव्हण्याच्या हवाली केली.

त्यांचं खरं शिक्षण झालं तलाठी सज्जात. आज कुठलाही सातबारा हातात आला की ते आधी इतर हक्कांचा रकाना बघतात. कुळाचं नाव आहे का, जमीन वर्ग 2 आहे का, कुठल्या फेरफारानं कुणाचं नाव कमी झालं, हे सगळं चहा गार व्हायच्या आत सांगून मोकळे. वारसांची तर त्यांना मालकापेक्षा जास्त माहिती. समजा गटाला नऊ वारस आहेत. सात गावात, पुतण्या सुरतेला आणि आत्या उल्हासनगरला. मालकाला पुतण्याचं नाव आठवत नाही, भाऊंना त्याच्या मुलीचे बारावीचे मार्क ठाऊक असतात. आत्याकडे तिचे सख्खे भाऊ कित्येक वर्षांत फिरकलेले नसतात. हे भाऊ साडी, नारळ आणि पाच किलो घरचा तांदूळ घेऊन जातात. आत्या डोळे पुसते, ‘माहेरचं कुणी तरी आलं रे बाबा’ म्हणते, आणि आठ दिवसांनी दुय्यम निबंधकांपुढे हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा उमटतो. एकराचा भाव काय फुटला, हे तिला पुढच्या लग्नात कळतं.

साइट दाखवायचा हंगाम मार्च ते मे. ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ हे अंतर ठरलेलं. ती दहा मिनिटं भाऊंच्या स्कॉर्पिओची, रात्री दोनची, फाटक उघडं असतानाची. जागेवर पोचल्यावर संवाद असा होतो:

‘भाऊ, रस्ता कुठाय?’

‘तुम्ही उभे आहात ना मॅडम, तोच.’

मॅडम खाली बघतात. पायाखाली भाताचा बांध.

‘नकाशात गाडीवाट आहे. दोन डंपर मुरूम पडला की रोड टच.’

‘आणि पाणी?’

‘पाण्याचं टेन्शन घ्यायचंच नाही. पावसाळ्यात तर...’

भाऊ इथे थांबून डोंगर दाखवतात. पावसाळ्यात ओढा प्लॉटमधूनच जातो, हे वाक्य त्यांनी आजवर पुरं केलेलं नाही.

मग कायद्याचं निघतं. कूळकायद्याच्या 63व्या कलमानं शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. दादरचे दाताचे डॉक्टर हिरमुसतात. ‘गाव कुठलं तुमचं?’ ‘संगमेश्वराकडचं, पण तिकडे आता कुणी नाही.’ ‘माणसं नकोत, सातबारा पाहिजे.’ महिन्याभरात चुलत आजोबांच्या उताऱ्यावर डॉक्टरांचं नाव सापडतं आणि ज्यांनी नांगर फक्त चित्रात पाहिला ते सरकारदरबारी शेतकरी ठरतात. माथेरानभोवती 2003 पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. दुसरा कुणी असता तर ही गोष्ट लपवली असती. भाऊ तीच पुढे करतात: ‘समोर कुणी टॉवर बांधणार नाही, केंद्र सरकारची गॅरंटी.’

एका ठिकाणी मात्र मला त्यांचं कौतुक करवत नाही. ठाकूर-कातकऱ्यांची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही. तिचा विषय निघाला की भाऊ आवाज खाली आणतात, ‘त्याला मार्ग आहे, फोनवर नको’ म्हणतात. तो मार्ग कुणाच्या वाडीवरून जातो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

पण भाऊंचा खरा माल म्हणजे ‘येणार’. 2013 साली नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्राची अधिसूचना निघाली, त्याच वर्षी खालापूर तालुक्यात इमॅजिका सुरू झालं, आणि भाऊंचा वर्तमानकाळ संपला. पनवेल-कर्जत लोकल येणार, रस्ता चौपदरी होणार, विमानतळ येणार. या ‘येणार’वर त्यांनी दोन मुलांची शिक्षणं केली, बंगला बांधला. 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा सगळे पेढे वाटत होते आणि भाऊ गप्प होते. येणाऱ्या विमानतळाला अंतर नसतं. आलेल्याला असतं, आणि पार्टी ते मोबाइलवर मोजते. आता त्यांचा सगळा जीव लोकलवर आहे. तिला जरा उशीर झाला तरी त्यांची हरकत नाही.

मधल्या काळात कंपनी निघाली. कुलदैवताचं नाव, पुढे ‘इन्फ्रा अँड लँडमार्क’, आणि कार्डावर ‘फाउंडर, सी.एम.डी.’. स्टाफमध्ये एक भाचा, तोच मॅनेजर, तोच ड्रायव्हर. गाळ्याला काचेचा दरवाजा, आत महाराजांची तसबीर, आमदारांबरोबरचा फोटो, आणि पार्टी दिसली तरच सुरू होणारा एसी. 1 मे 2017 पासून राज्यात महारेराचा कारभार सुरू झाला, एजंटांना नोंदणी आली, आणि पुढे प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली. दहावीच्या गणितात दोनदा अडकलेले भाऊ पन्नाशीत मुलीसमोर वही घेऊन बसले आणि कार्पेट एरिया शिकले. पास झाल्यावर चारफाट्यावर बॅनर लागला. त्यावर शुभेच्छुक चौदा, त्यातले अकरा वारस.

भाऊंची स्वतःची दोन एकर खाचरं अजून शाबूत आहेत. त्यात दरवर्षी कर्जत-3 भात लावतात. मातीच्या ओढीनं ठेवलीत, असं गावाला वाटतं. खरं कारण धाकटी बहीण. तिच्याकडेही भाऊ साडी, नारळ आणि तांदूळ घेऊन गेले होते. तिनं साडी ठेवून घेतली, तांदळाचा भात करून भावाला जेवू घातलं आणि विचारलं, ‘सध्या एकराला काय चाललंय रे दादा?’ सही अजून व्हायची आहे.

तेव्हा तुम्ही जागा घ्यायला जाणारच असाल, तर मे महिन्यात जाऊ नका. जुलैत जा, पाऊस धो धो पडत असताना जा, आणि ओढा कुठून जातो ते आपल्या डोळ्यांनी बघा. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो, तो आधी काढा. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च करून घ्या. आणि काही झालं तरी इसार पावती वड्याच्या गाडीवर लिहू नका.