शोकेस हलली, मशीन बसलं

अहो वहिनी, जरा कुंपणाजवळ या, मोठ्यानं नाही बोलता येत. कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांपुढे दोरीवर रंगीत पट्ट्या वाळत असतात ना, त्या कसल्या ते कळलं. साडीचे फॉल! सुती फॉल आधी भिजवून वाळवावा लागतो. कोराच लावला तर पहिल्या धुण्यात आटतो नि साडीच्या काठाला चुण्या पडतात. तुमच्या त्या निळ्या साडीचं झालं ना, तेच. तर सूनबाईंनी पिको-फॉल सुरू केलंय.

अहो, त्याच दोन खोल्यांत! सासू, नवरा, रांगतं पोर, आणि वर पायमशीन. मी काल विरजण मागायच्या निमित्तानं बघूनच आले. विरजण होतं हो घरात.

बाहेरच्या खोलीत खिडकीखाली सासूबाईंची शोकेस होती, आठवते? कुणी कधी तोंड न लावलेल्या कपबशा आणि तो प्लास्टिकचा ताजमहाल. ती गेली आत, पलंगाच्या पायथ्याशी. तिच्या जागी मशीन. सासूबाई किती दिवस घुश्शात होत्या म्हणे! पण पोरीचं म्हणणं मला पटलं. ताजमहालाला उजेड कशाला लागतो? सुईला लागतो. बसली की खिडकी डाव्या हाताला येते. सुई मशीनच्या डाव्या टोकाला, म्हणजे उजेड थेट तिच्यावर. उलटी बसली असती तर मशीनच्या डोक्याचीच सावली कापडावर पडली असती.

आणि बेतायला टेबल म्हणाल, तर नाहीच. भिंतीला बिजागऱ्या लावून दोन फूट रुंदीची फळी बसवलीय. काम झालं की खाली पाडायची, भिंतीला चिकटून राहते. मी म्हटलं, अगं, दोन फुटांत काय मावणार? तर म्हणाली, काकू, ४४ इंची पन्हा दुहेरी घातला की २२ इंच होतो, ब्लाउजपीस आरामात बसतं. हुशार आहे हो! फळीची उंची ओट्याएवढी, उभ्यानं कापायचं. जमिनीवर ओणवं बसून बेतलं की कंबरेचं काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगू.

खरी मेख कुठे आहे सांगते. आधीही ती शिवायचीच, पण दर जेवणाला पसारा उचला, पुन्हा मांडा. त्या उचलठेवीतच दुपार जायची, आणि अर्धं शिवलेलं ब्लाउज बोचक्यात महिनाभर पडायचं. आता मशीन हलत नाही. सुईखालचं कापड सुईखालीच राहतं. पोराला वाटी भरवून आली की तिथूनच पुढे. माझं तर मत आहे, घर लहान असो की मोठं, काम मांडून ठेवता आलं नाही तर ते होत नाही. स्वयंपाकाचा ओटा आपण रोज घडी घालून ठेवतो का?

घरमालक काका कुरकुरलेच, भिंत एकच ना! दुपारची झोप मोडते म्हणाले. तिनं मशीन भिंतीपासून चार बोटं सरकवलं, पायांखाली जुन्या सतरंजीच्या घड्या घातल्या. धडधड पुष्कळ कमी झाली. वर काकांच्या पँटची खालची पट्टी फुकट मारून दिली. आता काकाच गिऱ्हाईकं पाठवतात.

टाचण्यांची भीती मलाही वाटली होती, पोर रांगतंय ना. तिनं जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक सुतळीला बांधून ठेवलंय. उठताना फरशीवरून फिरवते, सगळ्या टाचण्या त्याला येऊन चिकटतात. चिंध्या मात्र आवरत नाहीत. पलंगाखाली गाठोडी झालीत. सासूबाई म्हणतात गोधडी करू. कधी करतात देव जाणे, दोघींनी पसरून बसायला जमीन कुठे आहे त्या घरात?

बरं, तुमचं मशीन अजून माळ्यावरच ना? पावसाळी हवेत गंज धरेल हो, तेल तरी घाला. जागा नाही म्हणू नका. तुमच्या हॉलच्या खिडकीखाली तो बंद पडलेला टीव्ही कुणासाठी ठेवलाय? भंगारवाला उद्या सकाळी येतो. आणि मशीन उतरवायला आमच्या ह्यांना संध्याकाळी पाठवते, रिकामेच आहेत.