पाच खेळाडू आणि एक सोफा

मीरा-भाईंदरमध्ये आणखी एका इनडोअर फुटबॉल लीगचा शुभारंभ झाला. पर्व पहिलं. आमच्याकडे लीगचं कायम पहिलंच पर्व असतं. दुसरं पर्व कुणी पाहिलं असेल तर त्यांचा जाहीर सत्कार करू, शाल-श्रीफळाचा खर्च माझ्याकडे. पहिल्या पर्वात चषकाचं अनावरण असतं, जर्सीचं अनावरण असतं, खेळाडूंचा लिलाव असतो. दुसऱ्या पर्वात नुसता फुटबॉल उरतो. नुसत्या फुटबॉलसाठी कोण फ्लेक्स छापणार?

लिलावाबद्दल फार बोलत नाही. एसी बँक्वेट हॉल, हातात लाकडी हातोडा घेतलेला निवेदक आणि मागच्या रांगेत तळव्यांना घाम फुटलेली अकरावी-बारावीची पोरं. बोली रुपयांत नसते, पॉइंटांत असते, कारण रुपये द्यावे लागतात. वीस हजार पॉइंटांना 'विकला' गेलेला डावखुरा विंगर त्याच रात्री घरी जाऊन नव्या बुटांसाठी पैसे मागतो आणि बाप विचारतो, "मग ते पॉइंट कुठल्या दुकानात चालतात?" प्रत्येक संघाला एक 'आयकॉन' घेण्याची सक्ती होती. भारताच्या फुटसाल, म्हणजे याच इनडोअर फुटबॉलच्या, संघाला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळायला २०२३ साल उजाडावं लागलं. इकडे शांतीनगर ते गोल्डन नेस्ट एवढ्या टप्प्यात आठ आयकॉन निघाले.

संघांची नावंही उरकून घेतो. दोन सिंह, तीन योद्धे, एक सुलतान, एक टायटन आणि एक 'रायडर्स'. रायडर्स कशावर स्वार आहेत ते मालकांनाही ठाऊक नाही. काशिमिऱ्याला लागून राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, त्यात बिबटे आहेत, म्हणजे हा एक प्राणी तरी रीतसर इथला शेजारी. त्याचं नाव कुणी घेतलं नाही, सगळ्यांना सिंहच हवा. मिठागरं, खाडी, उत्तनची मासेमारी, घोडबंदरचा किल्ला, यातलं काहीही जर्सीवर छापण्याच्या लायकीचं ठरलं नाही. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये चढून भाईंदरला उतरून दाखवणारा माणूस माझ्या मते खरा योद्धा. त्याच्या नावाने संघ काढला असता तर मी तिकीट काढून गेलो असतो.

हे सगळं मी गिळायला तयार आहे. माझं भांडण सोफ्याशी आहे.

तुम्ही तो पाहिलेला आहे. पांढरी खोळ, पाठीला सोनेरी फितीचा बो, पुढे काचेचा टीपॉय, त्यावर पाण्याच्या टिचभर बाटल्या, काजू-बदामाची डिश आणि प्लास्टिकच्या गुलाबांची फुलदाणी. मंडप डेकोरेटरच्या गोदामातून तो सकाळी टेम्पोने निघतो, रक्तदान शिबीर करतो, दुपारी गटाराच्या झाकणाचं लोकार्पण आटोपतो, संध्याकाळी एखादा साखरपुडा लावतो आणि रात्री परत जातो. शहरातले सगळे सामाजिक कार्यकर्ते मिळून करणार नाहीत इतकं समाजकार्य त्या एका सोफ्याने केलेलं आहे. मोकळ्या मैदानात त्याचा त्रास नसतो. अकरा जणांच्या फुटबॉलचं मैदान साधारण १०५ बाय ६८ मीटर. त्याच्या कडेला डझनभर सोफे लावा, कुणाच्या पायात येणार नाहीत. इनडोअरची गोष्ट वेगळी. हा खेळ १९३० मध्ये उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरात निघाला तो घरात, बास्केटबॉलच्या कोर्टावर मावावा म्हणूनच. एका बाजूला पाच खेळाडू, आंतरराष्ट्रीय मापाचं कोर्ट ४० बाय २० मीटर. आपलं टर्फ त्याहून लहान, कारण जागामालकाला शेजारच्या पट्टीत गाड्या धुण्याचा धंदाही चालवायचा असतो. वर पत्रा, चारी बाजूंनी नायलॉनची जाळी आणि जाळीपासून खेळाची रेषा वीतभर लांब. आता मला सांगा, सोफा ठेवणार कुठे?

आत ठेवला. मध्यरेषेच्या जरा अलीकडे, जिथून विंगरने सुसाट निघायचं असतं, नेमका तिथे. एक तीन सीटर, दोन बाजूंना दोन सिंगल, पुढे टीपॉय. रेफ्री म्हणजे एक किडकिडीत तरुण, दिवसा कुठल्याशा शाळेत पीटी शिकवणारा. त्याने मंडपवाल्याला गाठून हळूच विचारलं, "दादा, हा जाळीबाहेर नाही का घेता येणार?" मंडपवाला म्हणाला, "घेतला असता सर. पण मग फोटो जाळीतून येतो. फोटोत साहेब पिंजऱ्यात दिसतात." युक्तिवाद बिनतोड होता. साहेब पिंजऱ्यात दिसू नयेत म्हणून साहेबांना पिंजऱ्यात बसवण्यात आलं.

खरा घोळ चेंडूने केला. फुटसालचा चेंडू चार नंबरचा, मुद्दाम कमी उसळणारा. नियमच तसा आहे. दोन मीटर उंचीवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला तो ५० ते ६५ सेंटिमीटर वर यावा, जास्त नाही. घरी टेप असेल तर आपल्या सोफ्याच्या बैठकीची उंची मोजून बघा. म्हणजे जगभरच्या जाणकारांनी डोकी खाजवून जो टप्पा ठरवला, तो बरोबर मान्यवरांच्या मांडीवर येतो. आणि आला. पहिल्यांदा आला तेव्हा टाळ्या पडल्या, फोटो निघाले, साहेबांनी चेंडू हातात धरून विजयाची खूण केली. दुसऱ्यांदा आला तेव्हा काजूची डिश गेली. तिसऱ्यांदा येईपर्यंत सुलतान संघाच्या एका चलाख पोराच्या लक्षात आलं की सोफ्याच्या कुशीवर चेंडू तिरका मारला तर तो अगदी इमानदारीने परत येतो, आपल्या आयकॉनपेक्षा कितीतरी इमानदारीने. त्याने सोफ्याबरोबर वन-टू खेळायला सुरुवात केली आणि असे दोन गोल केले. प्रतिस्पर्धी संघाच्या मालकांनी (पाठीवर 'ओनर' छापलेली जर्सी, खाली कडक इस्त्रीची पँट) आक्षेप घेतला. ताबडतोब तांत्रिक समिती बसली. सोफ्यावरच बसली, दुसरी जागा नव्हती. तिने निर्णय दिला की सोफ्याला लागून आलेला चेंडू खेळात धरावा, टीपॉयला लागलेला फाउल आणि काजूत पडलेला डेड. त्यावर सोफ्याला दोन हात आहेत, मग हाताला लागला तर हँडबॉल का नाही, असा मुद्दा कुणीतरी काढला आणि अर्धा तास गेला. मध्यंतराला बाजू बदलल्या तेव्हा नवा पेच. संघ इकडचे तिकडे गेले, सोफा होता तिथेच राहिला, मग सोफ्याचा फायदा आता दुसऱ्यांना. समन्याय पाहिजे म्हणून चार बदली खेळाडूंनी सोफा उचलून पलीकडच्या अंगाला नेला. त्यावरून कुणी उठलं नाही. उठा म्हणायची आयोजकांची छाती झाली नाही. तीन मान्यवर पालखीत बसल्यासारखे टर्फ ओलांडून गेले, वाटेत हात हलवत. संपूर्ण लीगमध्ये इतकी शिस्तबद्ध सांघिक चाल दुसरी झाली नाही.

यातल्या एकाही साहेबाला मी फुटबॉल बघताना पाहिलं नाही. एक फोनवर होते. दुसरे, "पुढच्या रविवारी कुठे आहे?" असं विचारत होते. तिसऱ्यांना झोप लागली होती, आणि न्यायाने सांगायचं तर त्या सोफ्यावर कुणालाही लागेल.

मग भाषणं. या खेळात किक-इनला चार सेकंद मिळतात. चेंडू रेषेवर ठेवला, मारायला तयार झालात की चार सेकंदांत मारा, नाहीतर चेंडू समोरच्याला. रेफ्री बोटं वर करून मोजतो, एक, दोन, तीन, चार. पोरांना चार सेकंद देणाऱ्या त्याच टर्फवर निवेदकाने साहेबांना 'दोन शब्द' बोलायला बोलावलं आणि तो किडकिडीत रेफ्री शिट्टी गळ्यात घालून कोपऱ्यात उभा राहिला. त्याची बोटं खिशात. टर्फ तासाच्या भाड्याने मिळतं. रात्रीचा दर वेगळा, शनिवार-रविवारचा आणखी वेगळा, आणि भाषणाला सूट नसते. शेवटी वीस-वीस मिनिटांचे डाव सात-सात मिनिटांचे झाले. बाकावर बसलेली पोरं मोज्यांत शिरलेले रबराचे काळे कण वेचत राहिली. पहिल्या साहेबांनी या शहरातून देशाला फुटबॉलपटू मिळावेत अशी इच्छा व्यक्त केली. दुसऱ्यांनी तीच केली. तिसरे जागे होऊन म्हणाले, आजच्या पिढीने मोबाइल सोडून मैदानात उतरलं पाहिजे. टाळ्या.

कुठल्या मैदानात, साहेब?

२००१ च्या जनगणनेत या शहरात पाच लाख वीस हजार माणसं होती. २०११ च्या जनगणनेत आठ लाख नऊ हजार. दहा वर्षांत जवळजवळ तीन लाख माणसं वाढली. त्यांच्यासाठी टॉवर आले, टॉवरखाली पार्किंग आलं, पार्किंगच्या भिंतीवर 'येथे बॉल खेळू नये' ही पाटी आली. मैदानं कुठे आली? आली, नकाशावर आली. शहराच्या विकास आराखड्यावर मैदानाला सुरेख हिरवा रंग असतो, त्यावर आरक्षणाचा क्रमांक असतो, आणि कागदावर बोट ठेवून पोरगं तिथे मनसोक्त खेळू शकतं. जागेवर गेलात की एकावर लग्नाचा मांडव, दुसऱ्यावर चादरी-बेडशीटचा सेल, तिसऱ्यावर कुणाच्या तरी फ्लॅटच्या नूतनीकरणाचं डेब्रिज, चौथ्याभोवती निळे पत्रे आणि आत काय चाललंय ते विचारू नका. उत्तन-पालीकडची पोरं नशीबवान. ओहोटी लागली की त्यांना चपलांचे गोलपोस्ट करून वाळूवर खेळता येतं, आणि समुद्राचं अजून तासाचं भाडं ठरलेलं नाही. भाईंदर पूर्वेच्या पोरांनी मात्र रात्री अकराचा स्लॉट घ्यायचा, कारण तो रिकामा मिळतो. भाडं दहा जणांत वाटायचं, दोघांचं उधार ठेवायचं, आणि एक तास संपल्यावर वॉचमनने दिवे मालवले की गोल झाला की नाही ते अंधारात भांडून ठरवायचं. खेळायला पैसे मोजावे लागतात हे आता इतकं अंगवळणी पडलंय की फुकटच्या मैदानाची मागणी केली तर लोक विचारतात, "फुकट? मग मेंटेनन्स कोण करणार?" अहो, तुमच्या-आमच्या लहानपणी मेंटेनन्स कोण करत होतं? पाऊस करायचा!

आणि आता तो चार सेकंदांचा नियम पुन्हा काढतो. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक आणि नगररचना कायद्यात कलम १२७ आहे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, त्यासाठी कारवाईही सुरू केली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्या नोटिशीची मुदत आता दोन वर्षांची. तीही तशीच गेली की आरक्षण गळून पडतं आणि हिरव्या रंगाची जागा बांधकामाला मोकळी. म्हणजे हीसुद्धा किक-इनच. सतरा वर्षांच्या पोराला चेंडू मारायला चार सेकंद, आणि मैदान घ्यायची ज्यांची जबाबदारी त्यांना दहा अधिक दोन, बारा वर्षं. बारा वर्षांत पायाशी ठेवलेला चेंडू मारता येत नाही! चेंडू समोरच्याकडे जातो, आणि जमीनमालकाला मी दोष देत नाही, तो त्याच्या हक्काने खेळतोय. ज्याने बोटं वर करून मोजायला हवं होतं त्याची बोटं खिशात आहेत. अशा आळशी संघाला कुठल्याही गल्लीतल्या पोरांनी मैदानाबाहेर हाकललं असतं. आम्ही त्याला पांढरी खोळ घालून बसवतो, काजू देतो आणि वर दोन शब्द बोलायची विनंती करतो.

लीग भरवणाऱ्यांवर माझा राग नाही. मालकांची हौस असते, पोरांना जर्सी मिळते, रेफ्रीला मानधन मिळतं, निदान कबूल तरी केलेलं असतं. पण एका रात्रीच्या फ्लेक्स, कन्फेटी आणि डीजेच्या खर्चात साधे शिन गार्ड किती पोरांना आले असते, हा हिशेब आयोजकांनी एकदा घरी बसून करावा. शिन गार्डचं अनावरण करता येत नाही, ही अडचण मला मान्य आहे.

वाचकांना एकच सांगणं. विकास आराखडा हा सार्वजनिक कागद आहे, मागून घ्या. आपल्या भागातली मैदानाची आरक्षणं शोधा, आराखडा लागू झाल्याची तारीख बघा आणि तिच्यात दहा वर्षं मिळवा. येणारं साल जवळ आलं असेल तर जागा ताब्यात घेण्याचं कुठवर आलंय असं लेखी विचारा. तोंडी विचारू नका, चहा पाजून परत पाठवतील. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या.