देवगिरीचा हिशेबनीस आणि आजची गाणी

आजची लोकप्रिय गाणी मागच्या पिढ्यांच्या गाण्यांच्या तोडीची आहेत काय, हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरात प्रश्न म्हणून क्वचितच विचारला जातो. सिद्धार्थ उद्यानात सकाळची फेरी आटोपून बाकावर विसावलेल्या सेवानिवृत्तांपासून गुलमंडीवर गरम इमरतीची वाट पाहत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकापर्यंत सर्वांकडे त्याचे उत्तर आधीच तयार असते आणि प्रश्न केवळ ते उत्तर देण्याचे निमित्त म्हणून उच्चारला जातो. उत्तर असे की, संगीत पूर्वी होते, आता राहिलेले नाही. या सिद्धान्तात एकच बारीकशी अडचण आहे. संगीत नेमके कोणत्या साली संपले याविषयी सिद्धान्तकारांत एकमत नाही आणि प्रत्येकाने सांगितलेले साल ताडून पाहिल्यास ते बहुधा त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या आसपासचे निघते. मानसशास्त्रज्ञांनीही या प्रकाराचा अभ्यास केला असून, साधारणतः वयाच्या १० ते ३० वर्षांच्या काळातील आठवणी, आणि त्यांत त्या काळातील गाणीही, उतारवयात इतर काळापेक्षा ठळकपणे वर येतात असे त्यांना आढळले आहे; लग्नाचा संबंध मात्र त्यांनी जोडलेला नाही.

या वादाचा निवाडा करण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. शहराच्या शेजारच्या देवगिरीवर, म्हणजे आजच्या दौलताबादेत, तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचे एक अधिकारी होते. मूळच्या काश्मिरी घराण्यातील हे गृहस्थ 'श्रीकरणाधिप' होते, म्हणजे राज्याचे जमाखर्च आणि दप्तर सांभाळणाऱ्या कचेरीचे प्रमुख. ही जबाबदारी सांभाळूनच त्यांनी 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ सिद्ध केला, ज्याचा आधार हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशा दोन्ही परंपरांचे अभ्यासक आजही घेतात. हिशेब खात्यातून बाहेर पडलेली आणि कलावंतांनी आनंदाने स्वीकारलेली अशी दुसरी कोणतीही वस्तू इतिहासात सहसा सापडत नाही.

हिशेबनिसाच्या स्वभावाला अनुसरून शार्ङ्गदेवांनी रागांची मोजदाद केली, ती २६४ भरली. या मोजदादीत त्यांनी दोन स्वतंत्र खाती उघडलेली दिसतात: 'पूर्वप्रसिद्ध', म्हणजे पूर्वी लोकप्रिय असलेले राग, ३४, आणि 'अधुनाप्रसिद्ध', म्हणजे ग्रंथकाराच्या काळात चालणारे राग, ५२. आजच्या कोणत्याही जाणकाराच्या हाती ही दोन खाती पडली असती, तर दोहोंच्या मध्ये त्याने किमान एक प्रकरण हळहळीसाठी राखून ठेवले असते. शार्ङ्गदेवांनी तसे काही केलेले नाही. एक खाते बंद केले, दुसरे उघडले आणि ते पुढे गेले. गंमत अशी की, त्यांच्या 'अधुनाप्रसिद्ध' खात्यात भैरव, तोडी, गुर्जरी आणि वसंत ही नावे आहेत. या रागांची स्वररूपे मधल्या शतकांत पुष्कळ पालटली हे खरे. तथापि ज्यांचे नुसते नाव निघताच आजचा श्रोता पाठ ताठ करून बसतो आणि शेजारच्याला खोकूही देत नाही, ते राग देवगिरीच्या दप्तरी चालू हंगामातील माल म्हणून नोंदवलेले आहेत.

नव्या गायकांवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचीही या ग्रंथात आगाऊ सोय आहे. शार्ङ्गदेवांनी गायकांचे २५ दोष नावानिशी सांगितले आहेत. दात आवळून गाणारा तो 'संदष्ट', जबडा भयंकर वासणारा 'कराली', कावळ्यासारख्या आवाजाचा 'काकी', उंटासारखी मान उंचावणारा 'करभ', बोकडाची आठवण करून देणारा 'उद्वड', गळ्याच्या आणि कपाळाच्या शिरा फुगवणारा 'झोंबक', गाल भोपळ्यासारखे फुगवणारा 'तुम्बकी', नाकातून गाणारा 'सानुनासिक' आणि ज्याचे शब्द कळत नाहीत तो 'अव्यक्त'. ही यादी चाळताना प्रथम लक्षात येते ते हे की, ती तयार करताना ग्रंथकारासमोर भरपूर जिवंत नमुने असले पाहिजेत. कारण बोकड आणि उंट असा भेद केवळ कल्पनेने करता येत नाही. ज्या काळाला सुवर्णकाळ म्हणावे अशा यादवांच्या दरबारी काळातही वाईट गाणारे एवढे मुबलक होते की त्यांचे वर्गीकरण करणे भाग पडले. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. डोळे मिटून गाणे हाही या यादीतील एक दोष असून त्याचे नाव 'निमीलक' आहे, आणि हा नियम काटेकोरपणे लावल्यास नव्या पोरांपेक्षा जुन्या आदरणीय बुजुर्गांचीच हजेरी अधिक लागते. आजच्या ध्वनिमुद्रणात स्वर यंत्राने सुधारून घेणारी 'ऑटोट्यून' ही प्रणाली १९९७ पासून उपलब्ध आहे. तिने 'अपस्वर' म्हणजे बेसूरपणा हा एक दोष जवळजवळ निकालात काढला असला, तरी उरलेल्या २४ दोषांवर तिचा काही इलाज चालत नाही.

गीतकार आणि संगीतकार यांच्या बाबतीत तर रत्नाकराचा निकाल जुन्यांच्या कैवाऱ्यांना चांगलाच अडचणीत आणतो. शब्द आणि चाल दोन्ही स्वतः रचणाऱ्यास शास्त्रात 'वाग्गेयकार' म्हणतात. दोन्हींत निपुण असेल तो उत्तम, चाल चांगली पण शब्द बेताचे असतील तो मध्यम आणि शब्द चांगले पण चाल बेताची तो अधम, अशी त्यांची प्रतवारी आहे. दुसऱ्याच्या तयार चालीवर आपले शब्द बसवणारा तो 'कुट्टिकार', आणि त्याला या उतरंडीत फारसा मान नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने ज्या मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले, त्यातील कितीतरी पदे कीर्तन, लावणी, साकी, दिंडी अशा आधीच रूढ असलेल्या चालींवर बांधलेली होती आणि नाटकाच्या छापील प्रतीत पदाच्या डोक्यावर ती 'चाल' प्रामाणिकपणे नमूदही केली जाई. म्हणजे आज 'रीमिक्स' ऐकून ज्यांचे पित्त खवळते, त्यांच्या पणजोबांनी जिला 'वन्समोअर' दिला तीही शास्त्रदृष्ट्या कुट्टिकारीच होती; फरक इतकाच की तेव्हा उसनवारीची पावती जोडली जात असे. उलट २०२४ साली गाजलेल्या 'गुलाबी साडी'चे शब्द आणि चाल ज्यांनी रचली ते जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड गातातही स्वतःच, त्यामुळे निदान व्याख्येपुरते ते वाग्गेयकारांच्या पंक्तीत येऊन बसतात. ते उत्तम, मध्यम की अधम हे ठरवताना घाई करू नये, कारण उत्तम वाग्गेयकारासाठी शार्ङ्गदेवांनी व्याकरण, छंद, अलंकार आणि अनेक देशभाषा यांच्या ज्ञानाबरोबर रागद्वेषाचा त्याग ही अटही घातलेली आहे आणि या शेवटच्या अटीवर संगीतक्षेत्रातील कोणतीही पिढी सरसकट नापास होते.

सुवर्णकाळाला त्याच्या हयातीत कोणी सुवर्ण म्हणत नव्हते, याचा पुरावा सरकारी आहे. पायपेटीखेरीज ज्याची कल्पनाही करता येत नाही त्या नाट्यसंगीताच्या देशात, १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले पुण्याचे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना चित्रपटगीते इतकी हीन वाटली की ती आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली. लोकांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला आणि अखेर १९५७ मध्ये सरकारला त्याच गाण्यांसाठी 'विविध भारती' सुरू करावी लागली. ज्या गाण्यांमुळे अभिरुची बिघडेल अशी भीती मंत्रालयाला वाटत होती त्यांत, १९५२ सालीच प्रदर्शित झालेल्या 'बैजू बावरा'ची, म्हणजे उस्ताद अमीर खाँ आणि पंडित द. वि. पलुस्कर ज्यासाठी गायले त्या चित्रपटाची गाणीही मोडत होती. आज तीच गाणी नव्या पिढीला दटावण्यासाठी वापरली जातात.

जुन्या-नव्यांच्या या तुलनेत एक जुनी गफलतही आहे. मागच्या पिढीचे चाळून, निवडून, पाखडून ठेवलेले तांदूळ आणि आजचे पोत्यातून नुकतेच ओतलेले, खड्यांसकट, असे दोन ढीग शेजारी ठेवून निकाल दिला जातो. जुने खडेही होते. ते ज्यांनी चावले ते बोलत नाहीत.

तथापि सर्वच तक्रार निराधार ठरवणे हाही अन्याय होईल. शार्ङ्गदेवांनी उत्तम गायनवृंदाची, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या ताफ्याची, जी नोंद दिली आहे तीत ४ मुख्य गायक, ८ साथीचे गायक, १२ गायिका, ४ बासरीवादक आणि ४ मृदंगवादक असे ३२ जण येतात. त्याहूनही जुन्या काळी, विद्यापीठामागील डोंगरातल्या औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात, नर्तकीभोवती ६ वादक कोरलेल्या आहेत आणि त्या सर्व स्त्रिया आहेत. (या ताफ्याविरुद्ध आजवर एकही तक्रार आलेली नाही, तो दगडाचा आहे.) आज हे सगळे काम एक तरुण सिडकोतल्या खोलीत लॅपटॉपवर करतो. हिशेबनीस या नात्याने शार्ङ्गदेवांना ही काटकसर पसंत पडली असती. पण ३१ माणसे घरी बसली, समोरासमोर बसून एकमेकांची चूक सावरून घेण्याची विद्या त्यांच्याबरोबर घरी गेली आणि गाण्यात ती उणीव ऐकू येते. २०१६ सालच्या 'सैराट' चित्रपटासाठी संगीतकार अजय-अतुल यांनी थेट हॉलिवूडला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले, यावरून भरलेल्या ताफ्याची भूक नव्यांनाही आहे हे दिसते. फक्त ती भागवण्यासाठी आता विमानाचे तिकीट काढावे लागते. नव्या गाण्यांच्या लांबीविषयीच्या तक्रारीत मात्र फारसे तथ्य नाही. जुने गाणे तीन-साडेतीन मिनिटांचे असे, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावत असे. नवे गाणे पहिल्या काही क्षणांतच मुख्य ओळीवर झेप घेते, कारण स्पॉटिफायसारखी सेवा ३० सेकंद ऐकल्यावरच एक श्रवण मोजते. कलेची मापे दोन्ही वेळा यंत्रानेच घेतली, शिंपी तेवढा बदलला.

उरतो तो आवाज, आणि येथे रत्नाकर हात टेकतो, कारण त्यातील २५ दोष गायकाचे आहेत, भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांचे नाहीत. वाईट गाणाऱ्याच्या बैठकीतून पूर्वी चपला शोधून निघता येत असे. क्रांती चौकातून जाणाऱ्या डीजेचे गाणे चांगले असो वा वाईट, ते चार गल्ल्यांपलीकडच्या स्वयंपाकघरातील भांड्यांनाही ऐकवले जाते, आणि अशा वेळी कानात बोळे घातलेला नागरिक ज्याला संगीताचा ऱ्हास म्हणतो तो पुष्कळदा केवळ डेसिबलचा, म्हणजे आवाजाची तीव्रता मोजण्याच्या एककाचा, प्रश्न असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली असून, वर्षातील ठरावीक सवलतीचे दिवस वगळता रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवण्यास मनाई आहे. नियमात भैरव, नाट्यपद, भीमगीत, आरती किंवा 'झिंगाट' असा कोणताही भेद केलेला नाही. हवालदार येतो आणि पूर्वप्रसिद्ध व अधुनाप्रसिद्ध दोन्ही एकाच बटणाने बंद करतो.