आत चोरकप्पा आहे

घरातला जुना पडदा धुऊन गच्चीवर वाळत घालायचा असेल, तर आमच्या साखर पेठेत तरी जपून घाला. शेजारच्या गच्चीवरून दोन डोळे त्याचा पन्हा मोजत असतात. कापड विटलंय की नुसतं मळलंय, काठ धड आहेत का, मधला भाग किती विरलाय, सगळा हिशेब लांबूनच होतो आणि संध्याकाळी दारात आवाज येतो, "भाऊ, तो पडदा अजून किती दिवस लावणार?"

या आमच्या अक्का. जास्त ओळख करून देत नाही, कारण तुमच्याही आळीत एक अक्का आहेच. तिनं शिवलेली पिशवी तुमच्या दारामागच्या खिळ्याला आहे, त्या पिशवीत घडी घातलेली दुसरी पिशवी आहे, आणि त्या दुसरीत एक बटवा आहे, ज्यात काय ठेवायचं हे घरात अजून कुणाचंच ठरलेलं नाही.

अक्का घरात तेलुगू बोलतात, गल्लीत मराठी, आणि कटपीसवाला भाव उतरवत नसला की कानडी. सोलापुरात यात नवल काही नाही. पण कुठल्याही भाषेत बोलणं चाललेलं असो, एक वाक्य त्या मराठीतच म्हणतात आणि तेही वरच्या पट्टीत: "आत चोरकप्पा आहे!"

भाजीच्या पिशवीला चोरकप्पा असायला माझी हरकत नाही. प्रवासाच्या पिशवीला तर असावाच. पण अक्कांनी आमच्या मुलीच्या डब्याच्या पिशवीला चोरकप्पा लावला. पाण्याच्या बाटलीच्या कव्हराला लावला. माझ्या चष्म्याच्या पाकिटाला लावला, ज्यात चष्मा ठेवल्यावर चष्म्यालाच श्वास घ्यायला जागा उरत नाही. गेल्या दिवाळीत मिक्सरवर घालायला त्यांनी फुलाफुलांचं कव्हर शिवून दिलं. बायकोनं ते कौतुकानं उलटंसुलटं केलं, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "मागून हात घाल. आत चोरकप्पा आहे!" मिक्सरमध्ये चोरून ठेवण्यासारखं काय असतं, असं मी विचारलं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि उत्तर बायकोला दिलं, "पुरुषांना नाही कळत गं."

त्यात हा कप्पा चोर म्हणावा, तर त्याची दवंडी अक्काच पिटतात. एकदा माझी बायको माहेरी निघाली होती. एसटी स्टँडवर ही गर्दी. गाडी सुटायला आणि अक्का धावत यायला एक गाठ पडली. खिडकीखाली उभं राहून त्या ओरडल्या, "पैसे चोरकप्प्यात ठेवलीस ना गं? डाव्या बाजूचा!" गाडीतल्या सगळ्या माना आमच्या डाव्या बाजूला वळल्या. बायकोनं ती पिशवी थेट मोहोळ येईपर्यंत पोटाशी कवटाळून धरली होती.

या वेडाला सोलापूरसारखं दुसरं गाव मिळालं नसतं. इथं कापड विकत आणावं लागत नाही, ते अंगावर येतं. अक्कांचे यजमान अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, हे खरं. पण मागावर धागा तुटून विणीत रेघ पडली, की त्या टॉवेलला मानांकन नसतं, तो सेकंडात जातो आणि तिथून अक्कांकडे येतो. शिवाय हे शाळेच्या गणवेशांचं गाव. शिवणकामाच्या कारखान्यांतून उरलेल्या पट्ट्या किलोवर मिळतात. त्यामुळे अक्कांच्या पिशव्यांचे रंगही ठरलेले: गडद निळा, खाकी, आणि मधेच चौकटी. आमच्या गल्लीतल्या बायका भाजीला निघाल्या, की सातवी अ आणि सातवी ब एकदमच सुटल्यासारखं वाटतं.

टॉवेलची पिशवी शिवणं हे येरागबाळ्याचं काम नाही, हे मला कबूल करायला लावलं गेलं आहे. टॉवेल कापला की त्याचे फेर सुटतात, घरभर कापूस उडतो, तो बॉबिनच्या घरात जाऊन बसतो आणि मशीन अडतं. म्हणून आधी कडेनं पट्टी लावून घ्यायची, मग जोडायचं. तळ शिवून झाला की दोन्ही कोपरे चिमटीत धरायचे, त्यांचे त्रिकोण होतात, त्या त्रिकोणांवर आडवी टीप मारायची, की पिशवीला बूड येतं आणि ती उभी राहते. ही टीप अक्का न मोजता मारतात आणि दोन्ही बाजूंना सारखी येते.

पण खरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे चेनमध्ये रनर घालणं. चेन मीटरवर मिळते, रनर सुटे. अक्का एक जुना काटा-चमचा उलटा करून गुडघ्यांत धरतात, त्याच्या दातांत रनर अडकवतात, आणि चेनची दोन टोकं दोन्ही बाजूंनी एकदमच आत सारतात. एक टोक जरी पुढं गेलं, तरी चेन वाकडी बसते. त्या वेळी त्यांची जीभ दातांखाली असते, गल्लीत बोलायला बंदी असते. रनर बसला, चेन सर्रकन सरकली, की जीभ सुटते आणि पहिलं वाक्य कुठलं येतं, ते आता तुम्हाला माहीत आहे.

आमच्या लग्नात आलेली मोरांची चादर अशीच गेली. मी परगावी होतो. आलो तेव्हा पलंगावर दुसरीच चादर. जुनी मधोमध फाटली होती म्हणे. सोलापुरी चादर फाटते हेच मला नवीन होतं. तिच्या जाड पोताला सोळा नंबरची सुई लागली, त्यातल्या दोन मोडल्या, हे अक्कांनी मला खर्चाच्या बाजूनं सांगितलं. मोराचं डोकं आता आमच्या पिशवीवर आहे आणि पिसारा समोरच्या वहिनींच्या. दोघी एकत्र मंडईला गेल्या आणि वहिनी उजवीकडून चालल्या, तरच आमचा मोर पुरा होतो. मधे दोघींचं बिनसलं होतं, तेव्हा फार वाईट दिसायचं.

मग 2018 साल आलं. मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, 23 जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार आणि तुरुंगही. सगळं गाव घाबरलं, अक्का तेवढ्या खुलल्या. सरकारनं आपलं ऐकलं, असाच त्यांचा चेहरा होता. दुकानदारांनी मग कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या ठेवल्या. अक्कांनी एका दुकानात उभ्याउभ्या त्या पिशवीचा तुकडा फाडला, काडी ओढली आणि लावली. तुकडा आक्रसला, वितळला, त्याचा काळा थेंब फरशीवर पडला. मग स्वतःच्या पिशवीचा दोरा जाळून राख फुंकून दाखवली. "हे सूत. ते प्लास्टिकच." बरोबरच होतं ते, असल्या पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. दुकानदाराला ते पटलं, पण पेटती काडी पाहून त्यानं अक्कांना पुन्हा काउंटरजवळ येऊ दिलं नाही.

संक्रांतीला तर विचारू नका. सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले भक्त. सगळं शहर वर बघत असतं आणि अक्का बाराबंद्यांच्या शिवणी बघत असतात. शेजारच्या आजोबांची जीर्ण बाराबंदी त्यांनी मागून घेतली आणि नवी बाराबंदी ठेवायला जुनीचीच पिशवी शिवून दिली. बंद वाया कसे घालवायचे, म्हणून सगळेच्या सगळे लावले. ती पिशवी उघडायला आजोबांना घरातलं कुणीतरी मदतीला लागतं. हळदीकुंकवाला वाण म्हणजे बटवा, दरवर्षी. बायका हसून घेतात, अक्का प्रत्येकीच्या कानाशी लागतात. कानाशी म्हणजे तीन घरांपलीकडे ऐकू जाईल असं.

त्याच यात्रेत एकदा, गड्डा म्हणतात त्या जत्रेच्या गर्दीत, माझ्या बायकोची पर्स कुणीतरी ब्लेड मारून कापली. पुढच्या कप्प्यातले पैसे गेले. चोरकप्प्यात लिमलेटच्या गोळ्या होत्या, त्या राहिल्या. अक्कांनी पर्स उलटी करून गोळ्या हातावर घेतल्या आणि सगळ्यांना दाखवल्या, "बघा, चोरकप्प्याला हातसुद्धा लागला नाही!" पुढं वर्षभर गल्लीत हा विजय म्हणूनच सांगितला गेला.

मागच्या वर्षी पुण्याहून एक बाई आल्या. हातानं शिवलेल्या वस्तूंचं त्यांचं दुकान. अक्कांच्या पिशव्या त्यांनी नाकाशी धरून हुंगल्या, "किती अस्सल" म्हणाल्या, आणि दोनशे नगांची ऑर्डर सांगितली. नगाला ऐंशी रुपये. त्यांच्या दुकानात त्याच मापाची पिशवी नऊशेला जाते, हे माझ्या मुलीनं मोबाइलवर शोधून काढलं. कापडी चिठ्ठीवर अक्कांचा फोटो आणि त्यांची कहाणी छापायची, असंही ठरत होतं. एकच अट: आतला कप्पा नको. वेळ जातो, गिऱ्हाईक तो मागत नाही, आणि हल्ली पैसे सगळे मोबाइलमध्येच असतात.

अक्का म्हणाल्या, "मग पिशवी तरी कशाला? मोबाइलमध्येच भाजी आणा की."

त्या बाई हसल्या आणि एक पिशवी हातात घेऊन चाचपू लागल्या. बुडाशी, अस्तर आणि चादर यांच्यामध्ये, त्यांचं बोट कुठंतरी आत गेलं. "इथं शिवण सुटलीय का?" अक्कांनी पिशवी जवळजवळ हिसकावूनच घेतली. "अस्तर ढिलं राहिलंय."

अक्कांचं अस्तर ढिलं? मी खुर्चीत सरसावून बसलो. ऑर्डर अर्थातच बारगळली, पुण्याच्या बाई गेल्या. मी नुसता बसून राहिलो, तेव्हा अक्कांनी मशीनवरची मान वर न करता सांगितलं. आई विड्या वळायची. पान, तंबाखू घरी आणायचं, हजारावर मजुरी. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली, मग गुत्ता उरला. मजुरी आई पिशवीच्या चोरकप्प्यात ठेवायची. वडिलांना तो सापडला. मग आईनं आणखी एक केला, बुडाशी, आणि पहिल्या कप्प्यात रोज दोन-चार रुपये मुद्दाम ठेवायला लागली. ते घेऊन वडील जायचे. "खालच्याला कधी हात लागला नाही. माझी फी त्यातनं गेली." एवढं बोलून त्यांनी दोरा तोडला आणि पायडल मारायला सुरुवात केली.

एवढी वर्षं ही बाई गल्लीभर, स्टँडभर, यात्राभर एका कप्प्याचं नाव घेऊन ओरडत होती, आणि आम्ही समस्त पुरुष तिच्या वेंधळेपणाला हसत त्याच कप्प्याकडे बघत होतो. गल्लीतल्या किती बायकांना दुसरा ठाऊक आहे? माझ्या बायकोला मी सहज विचारलं. "कसला दुसरा?" म्हणाली, आणि खिळ्यावरची पिशवी काढून आतल्या खोलीत घेऊन गेली. इतक्या सहज ती माझ्याशी सहसा खोटं बोलत नाही. तिच्या भिशीचे पैसे दरवर्षी शेंगाचटणीच्या डब्यात असतात, असं मी धरून चाललो होतो. तोही बहुधा पहिलाच कप्पा.

अक्कांबद्दल चांगलं बोलायची मला सवय नाही आणि एकदम लावून घेणंही बरं नाही. तरी परवा एक जुनी पँट धुऊन, इस्त्री करून, मीच होऊन त्यांच्याकडे नेली. म्हटलं, "अक्का, हिची एक पिशवी शिवा. माझ्यासाठी. आणि ते... बुडाशी असतं तसलं पण ठेवा."

अक्कांनी पँट उजेडात धरली, शिवणी ताणून पाहिल्या, बाजूचे दोन आणि मागचे दोन असे चारही खिसे बोटं घालून मोजले.

"तुम्हाला कशाला, भाऊ?" त्या म्हणाल्या. "शिंप्यानं एवढे दिलेत की."