बुटक्या बटणांचा खटाटोप

अखंड कीबोर्डाचे मधोमध दोन तुकडे करायचे आणि त्यासाठी अखंडापेक्षा जास्त पैसे मोजायचे, हा व्यवहार मला आमच्या घरात कुणालाच पटवून देता आलेला नाही. मनगटं वाकडी होत नाहीत, खांदे आखडत नाहीत, हे सगळं सांगून झालं. त्यावर आईचं म्हणणं, "मग थोडं कमी टाइप कर."

त्यातून मला तो बुटकाही हवा होता. 'कॉर्ने' हा बेचाळीस बटणांचा जपानी आराखडा सगळ्यांना खुला आहे. बुटक्या स्विचची त्याची तयार आवृत्तीही मिळते. पण तयार घेतलं तर छंद कसला! नेहमीचा चेरी एमएक्स पद्धतीचा स्विच चार मिलिमीटर दाबला जातो, कायहुआ कंपनीचा 'चॉक' तीन. वाटतं, जुना काढायचा, नवा बसवायचा, संपलं. पण त्या एका मिलिमीटरपायी वरपासून खालपर्यंत सगळं बदलतं. एमएक्सची खुंटी अधिकच्या चिन्हासारखी, चॉकला नुसत्या दोन खाचा. म्हणजे हौसेनं जमवलेल्या बटणांच्या सगळ्या टोप्या बाद. स्विच धरणारी पट्टी दीड मिलिमीटरची चालत नाही, सव्वाच्या आसपास लागते. नाहीतर स्विचचे कान अडकतच नाहीत. दोन बटणांमधलं अंतर पाऊण इंचाऐवजी आडवं अठरा आणि उभं सतरा मिलिमीटर करता येतं. ते एकदा केलं, की सर्किटवरच्या डायोडांना बसायला जागा शोधत फिरावं लागतं.

एका गोष्टीचं मात्र कौतुक केलंच पाहिजे. खर्च वाचवायला डाव्या-उजव्या हातांसाठी सर्किटची एकच पाटी उलटसुलट वापरतात. चॉकच्या दोन पायांपैकी एक नेमका मध्यरेषेवर असतो, त्यामुळे पाटी उलटली तरी त्याचं भोक तेच राहतं. दुसऱ्या पायाला तेवढी दोन बाजूंना दोन भोकं पाडायची. डाग देताना हा हिशेब समजला, की उगाचच बरं वाटतं.

खरी गंमत मराठी टाइप करताना आली. भारतीय मानकातली इन्स्क्रिप्ट मांडणी जणू दुभंगलेल्या कीबोर्डासाठीच बेतलेली: बहुतेक स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. वाटणीत म, ण, न आणि व तेवढे डाव्या घरात राहिले. पण 'ड' असतो 'पी'च्या पलीकडे, जिथे कॉर्नेवर बहुतेक जण बॅकस्पेस ठेवतात. आणि 'ऑ'ची मात्रा असते त्याच्याही पलीकडे, जिथे कॉर्नेवर बटणच नाही. म्हणजे मनगटासाठी डॉक्टरकडे जायला नको म्हणून केलेल्या कीबोर्डावर नेमका 'डॉक्टर'च लिहिता येईना. जाता येईल, पण लिहिता येणार नाही!

उपाय असतो. अंगठ्याखालचं एक बटण दाबून ठेवलं, की बाकीच्या बटणांचे अर्थ बदलतात, म्हणजे जणू अक्षरांचा दुसरा थर उघडतो; ती सोय कीबोर्डाच्या फर्मवेअरमध्ये असते. मी 'ड'ला त्याची जागा परत दिली, बॅकस्पेस अंगठ्याखाली घेतली आणि 'ऑ'ची मात्रा दुसऱ्या थरात टाकली. कॉफी, ऑफिस, डॉक्टर आता बिनबोभाट उमटतात. तुम्हीही या वाटेला जाणार असाल, तर भोकांची मापं नंतर घ्या. आधी इन्स्क्रिप्टचा तक्ता समोर ठेवून उजवीकडची अक्षरं कुठे बसवणार ते ठरवा.