स्थळबिंदूवर बस थांबत नाही

गडमुडशिंगीत कुणी 'आराखडा' म्हणालं की माणसं आधी सातबारा काढून बघतात. त्यांचं चुकत नाही. शेजारी उजळाईवाडीचा विमानतळ. त्याच्या विस्तारीकरणाचा आराखडा आला आणि गावची जमीन गेली. तेव्हापासून नकाशाची गुंडाळी घेऊन कुणीही उतरलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती गुंठं?"

म्हणून आधीच सांगून टाकतो, आजच्या आराखड्यात कुणाचा गुंठाभरही जात नाही. हा विद्यापीठाचा बृहत् आराखडा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६, कलम १०७ नुसार प्रत्येक विद्यापीठाला तो दर पाच वर्षांनी करावा लागतो. सध्याचा २०२४ ते २०२९. आपल्याकडे तो शिवाजी विद्यापीठानं करायचा, कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांसाठी. (सोलापूर २००४ मध्ये वेगळं झालं, तेवढीच नकाशाची घडी लहान.) तयार झाला की तो परिषदांच्या आणि अधिसभेच्या पायऱ्या चढतो आणि शेवटी मुख्यमंत्री ज्याचे अध्यक्ष आहेत त्या राज्य आयोगापुढे, म्हणजे 'माहेड'पुढे, जाऊन उभा राहतो. एवढ्या पायऱ्या जोतिबालाही नसतील.

या आराखड्याचा आत्मा म्हणजे स्थळबिंदू. कुठल्या तालुक्यात, कुठल्या गावी, कुठल्या शाखेचं नवं महाविद्यालय काढायला वाव आहे, ते या बिंदूनं दाखवायचं. भूमितीतल्या बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, उंची नसते. उच्चशिक्षणातल्या बिंदूला या तिन्हींबरोबर शिक्षकही नसतो.

समजा, उद्या या आराखड्यावर गावाची मतं घ्यायचं ठरलं आणि एक साहेब प्रोजेक्टर घेऊन गडमुडशिंगीत आले. विद्यापीठ तिथून जेमतेम सहा-सात किलोमीटर, त्यामुळे साहेब वेळेवर पोचतील असं धरू. (सदर उपहासाचं आहे, इतकं धरायला हरकत नाही.) पडद्यावर पहिलं पान, दृष्टी. दुसरं, ध्येय. तिसरं, धोरणात्मक उपक्रम. चौथ्या पानावर वीज जाते. ती आली की साहेब सांगतात, नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०३५ पर्यंत सकल नोंदणी गुणोत्तर ५० टक्क्यांवर न्यायचं आहे. २०२१-२२ च्या सर्वेक्षणात देश २८.४ वर होता, महाराष्ट्र ३५.३ वर.

"म्हंजे शंभरात पस्तीस पोरं कॉलिजात हायत?" पुढच्या रांगेतले आबा विचारतात.

"नोंदणी झालेली, आबा."

"तसं म्हणा की. मी म्हणलं, मग कट्ट्यावर दिसत्यात ती कोण?"

आबा एका दूधसंस्थेचे माजी सचिव. गावात गोकुळचा पशुखाद्य कारखाना आहे, त्यामुळे कुणाच्या पोटात किती गेलं की काय निघतं, हे नियोजन इथं लहान पोरालाही कळतं. आबा सरळ विषयावर येतात. "आमच्यात आदी दूध किती गोळा हुतंय ते बगत्यात. मग फॅट लावणारा माणूस, मग यंत्र, मग दारावर पाटी. अन् दहा दिसाला बिल, चुकायचं न्हाई. तुमच्यात पाटी आदी, दूध मागनं, आन् फॅट लावणारा तासावर?"

साहेब हसून म्हणतात, उदाहरण रोचक आहे, पण हा गुणवत्तेचा विषय असल्यामुळे वेगळ्या समितीकडे येतो.

तासावरचा माणूस तिथंच मागच्या बाकावर बसलाय. गावचाच मुलगा. सेट झालेला, पीएचडी झालेला, तासिका तत्त्वावर शिकवणारा. सोमवार-मंगळवार एका कॉलेजात, बुधवारनंतर दुसऱ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठेच नाही, कारण सुट्टीला तासिका नसते. पूर्णवेळ भरतीची बातमी तो इतकी वर्षं वाचतोय की बातमीदाराचा पगार वाढून गेला. आराखड्याची मात्र त्याच्याइतकी खडान्खडा माहिती सभेत कुणालाच नाही. कॉलेजची सगळी आकडेवारी त्यानंच तर भरून दिली होती. त्या कामाचे पैसे मिळाले नाहीत. आकडे भरणं ही तासिका नव्हे.

नवं महाविद्यालय आलं तर याला नोकरी लागेल, असं त्याच्या आईला वाटतं. नवं महाविद्यालय येतं ते 'कायम विनाअनुदानित'. आपल्या उच्चशिक्षणात 'कायम' हा शब्द आता तेवढ्याच ठिकाणी उरलाय.

विद्यापीठाला नियोजन जमत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. १९६२ साली उघड्या माळावर उभं राहिलेलं हे विद्यापीठ. या माळानं पावसाचं पाणी अडवून तळी केली, आणि २०१९ च्या महापुरात कोल्हापूर शहराला पाण्यानं वेढलं आणि नळ कोरडे पडले, तेव्हा याच आवारातून टँकर भरून गेले. या कामाला पाणी अडवणं म्हणतात, 'धोरणात्मक उपक्रम' म्हणत नाहीत, म्हणूनच बहुधा ते पूर्ण झालं. २०२१ मध्ये 'नॅक'नं ३.५२ गुण आणि ए प्लस प्लस दिलं. गुणवत्ता आवारात आहे, गोंधळ आवाराबाहेरच्या ठिपक्यांचा आहे.

या शहरात एक आराखडा शाहू महाराजांनीही केला होता. १९०१ पासून वसतिगृहं, म्हणजे पोर कोल्हापुरात आलं तर झोपेल कुठं आणि खाईल काय, हे आधी. मग १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. एक रुपया तेव्हा लागायचा. आताच्या आराखड्यात उद्दिष्टाचा रकाना आहे, कालमर्यादेचा आहे, जबाबदार घटकाचाही आहे. उद्दिष्ट हुकलं तर रुपया कुणी भरायचा, तो रकाना तेवढा छापायचा राहून गेला. उद्दिष्ट हुकलं की पुढचा पंचवार्षिक आराखडा करायचा. त्यात मागच्या उद्दिष्टांना 'सातत्य' म्हणतात.

तर सभा. प्रश्नोत्तरांत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उभी राहते. "सर, कॉलेज नको. कोल्हापुरात आहेत तेवढी पुष्कळ आहेत. सकाळची बस मागूनच भरून येते, इथं थांबत नाही. पहिला तास रोज बुडतो. आणि बस मिळाली त्या दिवशी सर नसतात, ते दुसऱ्या कॉलेजवर असतात."

मागच्या बाकावरचा खाली बघतो.

साहेब मनापासून ऐकतात. वहीत लिहितात. मग समजावतात, बस हा परिवहनाचा विषय, सर हा पदभरतीचा, आपण आज फक्त स्थळबिंदूवर बोलतोय. आणि कायदा सांगतो की जिथं सोय नाही किंवा तोकडी आहे त्या भागांकडे आधी बघा. मुडशिंगी पडली शहरालगत. इथं बिंदू बसत नाही. मुलीची सूचना ते 'संकीर्ण'मध्ये घेतात. संकीर्ण हे आराखड्याचं शेवटचं पान. त्यानंतर आभार असतात.

इतका वेळ दाराशी फोनवर बोलत उभे असलेले अण्णा आता आत येतात. अण्णांच्या दोन शिक्षणसंस्था आहेत, तिसरीची नोंदणी झालेली आहे. 'नियोजित जागा : कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय' असा फलक त्यांनी गेल्या दिवाळीतच रंगवून घेतलाय.

"बिंदू बसत न्हाई म्हणताय साहेब, पण कलम १०९ मदी सोय हाय की. इद्यापीठानं शिफारस केली न्हाई तरी अपवाद म्हणून शासन इरादापत्र देऊ शकतंय. कारण तेवढं लेखी लागतंय."

साहेब मान डोलावतात. पाच वर्षांच्या नकाशाला कायद्यानं ठेवलेलं हे मागचं दार त्यांना अण्णांच्या आधीपासून ठाऊक आहे.

"मग कारण काय लिहिणार, अण्णा?" आबा विचारतात.

अण्णा खिशातून टाइप केलेला अर्ज काढतात आणि खणखणीत आवाजात वाचतात, "भागातील विद्यार्थिनींची शहरात जाण्यायेण्याची होणारी गंभीर गैरसोय." मग त्या मुलीकडे वळून मायेनं म्हणतात, "बाळ, तू आत्ता बोललीस तेच हाय बग. ये, हितं सही कर. आन् पेन असंल तर तुझंच आण."