पंगतीतला ठिपका

महाराष्ट्र शासनाला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, हे निदान व्हायला सव्वा वर्ष लागलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय आहारात आठवड्याला एक अंडं आलं आणि जानेवारी २०२५ मध्ये तिजोरीच्या अंगावर पित्त उठलं. अंडं हवंच असेल तर लोकसहभागातून आणा, असं सांगून शासन मोकळं झालं. मधल्या काळात अंड्याचा रुबाब काय वर्णावा! न खाणाऱ्याच्या ओळखपत्रावर हिरवा ठिपका, खाणाऱ्याच्या ओळखपत्रावर लाल.

म्हणजे कुणाला काय चालत नाही याची नोंद ठेवणं शासनाला जमतं. मग ज्या पोराच्या अंगालाच ते सोसत नाही, त्याचा ठिपका कुठाय? भावना दुखावल्या की मोर्चा निघतो. घसा सुजला की आवाजच निघत नाही.

आता आमच्या रिसोड तालुक्यातलं रिठद घ्या. शिवारात सोयाबीन आणि जून २०२४ मध्ये आलेल्या पंधरा पाककृतींच्या यादीतही सोयाबीन पुलाव. घरून आणलेल्या डब्यात शेंगदाण्याची चटणी. एकादशीचा तर उपासच शेंगदाण्यावर उभा. अशा मुलखात एखादं पोर म्हणालं, ‘सर, शेंगदाने खाल्ले की माह्या घसा खाजवते,’ तर गावाचं निदान तयार: ‘नाटकं करून रायलं पोट्टं!’ त्यावर आजीचं शिक्कामोर्तब, ‘आमच्या वक्ती असं काई नव्हतं.’ नव्हतंच. तेव्हा पोर दगावलं की त्याला नजर लागलेली असायची.

पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर गहू, दूध, सोया यांची नावं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. खिचडीच्या पातेल्यावर काही छापता येत नाही, तिथे गुरुजी असतात. त्यांनी आधी चाखायचं, मग नोंदवहीत सही करायची. विषबाधेवर हा उपाय रास्तच. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या कीटकनाशक मिसळलेल्या जेवणाने २३ मुलं गेली. अ‍ॅलर्जी मात्र पक्की पक्षपाती. गुरुजी ढेकर देऊन ‘चव उत्तम’ लिहितात आणि त्याच पातेल्यातला एक घास एखाद्या पोराला भारी पडतो. त्याच्यापुरता वेगळा भात शिजवला, तरी वाढायला पळी तीच.

त्याला वेगळं बसवावं म्हटलं, तर आणखी पंचाईत. पंगतीत वेगळं बसवण्याचा आपला अनुभव दांडगा आहे, फक्त त्यामागची कारणं वैद्यकीय नव्हती.

तेव्हा ठिपका नको नि वेगळी पंगतही नको. शाळेत नाव घालताना जात विचारता, आधार विचारता. तिथेच ‘काय खाल्लं की त्रास होतो?’ हेही विचारा. उत्तर कपाटात न कोंडता स्वयंपाक करणाऱ्या मावशींना सांगा आणि त्या पोराची पळी वेगळी ठेवा. अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर लिंबूपाणी पाजत बसू नका, गाडी काढून दवाखाना गाठा. मुख्याध्यापकहो, हे सोमवारीच सुरू करा. शासन निर्णय निघेपर्यंत पोरगं सातवी पास होऊन जाईल.